वासरं तुमची, सही कोणाची? (पत्र आणि उत्तर नोव्हेंबर २०२० मधलं; मुदती, दर आणि नियम तेव्हाचे.)

«ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही मध्य टेक्सासात राहतो. मिस्टर ऑस्टिनला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. मी पूर्वी शाळेत शिकवायचे, २०१६ पासून आमच्या रँचचं बघते. ११० एकर आमची, शेजारची १९० भाड्यानं. ४४ गाई, दोन वळू. वासरं वाढवायची आणि सेल बार्नच्या लिलावात विकायची, हा धंदा. फेब्रुवारी-मार्चमध्ये १२ वासरं विकली तेव्हाच भाव घसरायला लागले होते. मेच्या सुरुवातीला ३१ वासरं होती, त्यातली नऊ जूनमध्ये मिळेल त्या भावाला काढली. सरकारनं करोनाची मदत जाहीर केली तेव्हा मी म्हटलं, अर्ज करू. हे म्हणाले, पगार चालू असताना सरकारपुढे हात पसरायचा? माझ्या भावाची निफाडला द्राक्षं वेलीवर सुकली, त्याच्या खात्यात दोन हजार रुपये आले, आणि आपण हजारो डॉलर घ्यायचे? त्यात पहिली मुदत गेली. दुसरी ११ डिसेंबरला संपते. शेजाऱ्याची २० वासरं आमच्या कुरणात चरायला असतात. तो म्हणतो, तीही तुमच्यात धरा, कोण मोजायला येतंय! यांना आणखी एक धास्ती आहे. आमचं ग्रीन कार्ड आहे, पुढच्या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज करायचाय, त्यात हे आडवं येईल. घरात आठवडाभर अबोला आहे. सासूबाईंना तर आमचा दूधधंदा आहे असंच वाटतं. वसुबारसेला फोनवर विचारलं, गाईची पूजा केलीस ना? केली होती. खरंच केली होती. काय करू?»

अर्ज करा. शेजाऱ्याचं एकही वासरू त्यात धरू नका. आणि मिस्टरांना न सांगता करू नका, जरी तसं करणं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा सोपं असलं तरी. ते कसं, ते पुढे सांगते.

आधी पैशांचं बघू, कारण तुमच्या घरातलं अर्धं भांडण न मांडलेल्या हिशेबावर चाललंय. मिस्टर म्हणतात हजारो डॉलर, तुम्ही म्हणता हक्काचे, पण किती ते दोघांनीही लिहिलेलं नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मीच मांडते.

कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅम, म्हणजे अमेरिकी कृषी खात्याची करोनातली शेतकरी-मदत, इथले शेतकरी जिला नुसतं सीफॅप म्हणतात, त्याचा पहिला टप्पा मे ते ११ सप्टेंबर २०२० असा होता. त्यात १५ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात विकलेल्या, ६०० पौंडांखालच्या वासरामागे १०२ डॉलर होते. तुमची १२ विकलेली म्हणजे १,२२४. शिवाय १६ एप्रिल ते १४ मे या दरम्यान गोठ्यात जास्तीत जास्त जेवढी जनावरं असतील त्या प्रत्येकामागे ३३ डॉलर, आणि इथे गाई-वळूसुद्धा धरायचे होते. ४४, २ आणि ३१ मिळून ७७, त्याचे २,५४१. एकूण ३,७६५ डॉलर. ते गेले. त्याबद्दल आता बोलून उपयोग नाही, पण अबोल्याचं मूळ या आकड्यात असेल तर तो एकदा समोर आलेला बरा.

दुसऱ्या टप्प्याचा हिशेब वेगळा आहे. मांसासाठीच्या जनावरामागे सरसकट ५५ डॉलर, १६ एप्रिल ते ३१ ऑगस्टमधली कुठलीही एक तारीख तुम्ही निवडायची आणि त्या दिवशीची संख्या सांगायची. यात पैदाशीची जनावरं धरत नाहीत. म्हणजे ४४ गाई आणि दोन वळू बाद, राहिली ३१ वासरं. तारीख अर्थातच जूनच्या विक्रीआधीची घ्या. ३१ गुणिले ५५ म्हणजे १,७०५ डॉलर. यातल्या काही कालवडी पुढे कळपातच ठेवायच्या असतील, तर त्या मोजायच्या की नाही हे घरी बसून ठरवू नका, कृषी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीच्या कौंटी ऑफिसला, म्हणजे तुमच्या जिल्ह्यातल्या कचेरीला, फोनवर आधीच विचारा.

एक हजार सातशे पाच. याला हजारो म्हणता येईल, पण त्यासाठी आवाज थोडा चढवावा लागेल.

आता मिस्टरांचा मुद्दा. तो मला हसण्यावारी न्यायचा नाही. पगार चालू असताना सरकारी मदत घेऊ नये, ही भावना चांगल्या घरातून आलेली आहे आणि त्यामागे आपल्याकडच्या योजनांची घडणही आहे. पीएम-किसानचंच घ्या. वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत. पण घरातल्या कोणी आयकर भरला असेल तर ते कुटुंब बाद. नोंदणी करून व्यवसाय करणारा इंजिनिअर, डॉक्टर, वकील बाद. दिराच्या खात्यात एप्रिलमध्ये आलेले २,००० हा त्यातलाच हप्ता, टाळेबंदीमुळे लवकर सोडलेला. ज्या माणसाच्या डोक्यात सरकारी मदत म्हणजे ही चौकट आहे, त्याला ऑस्टिनच्या पगारावर सीफॅपचा अर्ज भरणं म्हणजे दुसऱ्याच्या पानातलं उचलण्यासारखं वाटणारच.

पण सीफॅपची चौकटच ती नाही. गरज किती आहे हे यात कोणी विचारत नाही. पहिल्या टप्प्यात प्रश्न एवढाच होता की जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत त्या मालाचा भाव निदान पाच टक्के पडला का. जनावरांचा पडला, आणि का पडला हे तुम्ही सेल बार्नच्या बाकड्यावर बसून पाहिलंय. हॉटेलं बंद झाली. मग कत्तलखान्यांत साथ शिरली. कोलोरॅडोत ग्रीलीचा जेबीएसचा मोठा कारखाना एप्रिलमध्ये काही दिवस बंदच ठेवावा लागला. देशातली पोसून तयार केलेली बहुतेक गुरं घेणाऱ्या कंपन्या चारच आहेत, टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ. त्यांची लाईन मंदावली की जनावर घ्यायला दुसरं दार नाही. मे महिन्यात दुकानात मांस महाग आणि लिलावात जनावर स्वस्त, असा उलटा प्रकार झाला. हे नुकसान तुमच्या वासरांनी सोसलं, मिस्टरांच्या पगारानं नव्हे.

उत्पन्नाची मर्यादा या योजनेतही आहे. २०१६, २०१७, २०१८ या तीन वर्षांचं सरासरी समायोजित एकूण उत्पन्न (करविवरणातलं एजीआय) नऊ लाख डॉलरच्या वर असेल तर पैसे नाहीत. त्यातही ७५ टक्के उत्पन्न शेती, पशुपालन किंवा वनशेतीतलं असेल तर ही अट लागू होत नाही. भीक घालताना कोणी नऊ लाखांची रेघ ओढत नसतं. एका व्यक्तीला एका टप्प्यात अडीच लाख डॉलरपर्यंत मिळू शकतात, आणि ते घेणारेही आहेत. याला गरिबांची योजना म्हणून नाकारण्यात अर्थ नाही, कारण ती गरिबांची नाहीच. मोठ्यांनाच जास्त मिळतं ही टीका खरी आहे आणि मीही ती करते. पण ३१ वासरांच्या मालकिणीनं आपले १,७०५ सोडल्यानं त्यात काही फरक पडत नाही.

हेही सांगून टाकते, दुसऱ्या टप्प्याची घोषणा १७ सप्टेंबरला ट्रम्प यांनी विस्कॉन्सिनात मोसिनीच्या प्रचारसभेत केली, हे मला आवडलं नव्हतं. निवडणुकीच्या तोंडावर शेतकऱ्याच्या खात्यात पैसे टाकायची कला फक्त आपल्याकडची, अशी माझी उगाच समजूत होती. आता निवडणूक झाली, मुदत मात्र आहे तिथेच आहे.

दिराचं काय? तुम्ही अर्ज केला नाहीत तर ते पैसे निफाडला जात नाहीत, वॉशिंग्टनलाच राहतात. मिस्टरांना टोचतंय ते खरं असेल, आणि पत्रावरून मला तसंच वाटतं, तर त्याला उपाय आहे. आलेली रक्कम भावाला पाठवा. २०२० च्या दरानं सव्वा लाख रुपयांच्या आसपास होतील. सख्ख्या भावाकडून आलेल्या भेटीवर भारतात घेणाऱ्याला आयकर नाही, आणि इथे २०२० मध्ये एका व्यक्तीला वर्षभरात १५,००० डॉलरपर्यंत दिलं तर वेगळं विवरण भरावं लागत नाही. ऑक्टोबर छाटणी होऊन सध्या डाऊनीच्या, म्हणजे केवडा रोगाच्या, फवारण्यांचे दिवस आहेत. कृषी सेवा केंद्रात उधारी नसलेला द्राक्षवाला या दिवसांत निफाडात शोधावा लागेल. त्यांना विचारून, थेट त्या उधारीतच भरा. मग मिस्टरांचा मुद्दा उरतो का ते बघा. उरला, तर प्रश्न भावाचा नव्हता असं समजा.

नागरिकत्वाची धास्ती सोडा. सरकारवर भार पडणारा माणूस, म्हणजे पब्लिक चार्ज, हा नियम सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे म्हणून मिस्टरांनी तो धरला असेल. पण तो मुख्यतः ग्रीन कार्ड मागणाऱ्यांसाठी आहे, ग्रीन कार्डवाल्याच्या नागरिकत्वाच्या अर्जाला तो लागत नाही. आणि २०२० च्या नियमात मोजतात त्या गोष्टी म्हणजे रोख कल्याणमदत, फूड स्टॅम्प (अन्नखरेदीची मदत), मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्यविमा), घरभाड्याची मदत. धंद्यातल्या नुकसानीपोटी मिळालेले पैसे त्यात येत नाहीत. सीफॅपला ग्रीन कार्डवाले पात्र आहेत, ऑफिस फार तर कार्डाची प्रत मागेल.

खरी धोक्याची जागा दुसरीच आहे आणि ती तुमच्या शेजाऱ्यानं दाखवलीय. कुरण तुमचं असलं तरी वासरं त्याची. सीफॅपचे पैसे ज्याचं जनावर, ज्याचा भाव पडला, त्याला मिळतात. ज्याची जमीन त्याला नव्हे. ती २० धरली तर १,१०० डॉलर वाढतील. अर्जावर सही करताना तुम्ही स्वतः हमी देता की ही संख्या खरी आहे. आज कागद मागत नाहीत हे खरं, पण मागतील तेव्हा दाखवावे लागतील, म्हणून ते तीन वर्षं जपून ठेवायचे असतात. खोटं निघालं तर पैसे व्याजासकट परत आणि वर खटल्याची टांगती तलवार. आणि नागरिकत्वाच्या अर्जात, एन-४०० मध्ये, एक प्रश्न सरळ असा आहे की तुम्ही कधी अमेरिकी सरकारी अधिकाऱ्याला खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली आहे का. मिस्टरांना ज्या अर्जाची काळजी आहे, त्याला ही २० वासरं आडवी येतील, तुमची ३१ नाही. शेजाऱ्याला म्हणावं, तुझी वासरं तुझ्या अर्जात धर, ११ डिसेंबर तुलाही आहे. बहुधा त्यानं ती आधीच धरलीही असतील. मग तीच २० वासरं दोन अर्जांत, एकाच कौंटी ऑफिसात. तिथली माणसं तुमच्या गावातलीच असतात, कोणाची किती गुरं आहेत हे त्यांना साधारण ठाऊक असतं.

आता तो सोपा मार्ग. फार्म सर्व्हिस एजन्सीच्या बहुतेक कागदांवर नवरा-बायको एकमेकांच्या वतीनं सही करू शकतात. त्यासाठी वेगळं मुखत्यारपत्र लागत नाही, उलट तसं नको असेल तर ते आधी लेखी कळवावं लागतं. म्हणजे मिस्टर ऑस्टिनला असताना तुम्ही अर्ज भरून, सही करून मोकळ्या होऊ शकता. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या एखाद्या कागदावर त्यांची स्वतःची सही मागतील, पण तेवढंच. कायद्यानं हे चालतं. तुमच्या घरात ते चालेल असं मला वाटत नाही. जानेवारीत एजन्सीकडून १०९९-जी, म्हणजे सरकारकडून मिळालेल्या रकमेचा करासाठीचा कागद, येईल, कराच्या वेळी शेड्यूल एफवर, म्हणजे शेतीच्या उत्पन्नाच्या फॉर्मवर, ती रक्कम दाखवावी लागेल, आणि ते विवरण तुम्ही दोघं एकत्रच भरत असणार. चोरून केलेलं एप्रिलपर्यंतसुद्धा टिकायचं नाही. (हो, या पैशांवर कर आहे. डिसेंबरात आले तर २०२० चं उत्पन्न, जानेवारीत आले तर २०२१ चं.)

त्यापेक्षा दुसरं विचारते. जनावरं कोणाच्या नावावर आहेत? सेल बार्नचा चेक कोणाच्या नावानं निघतो? तुमच्या पत्रात गाई मोजणारी तुम्ही, जूनमध्ये नऊ वासरं ट्रेलरमध्ये चढवणारी बहुधा तुम्हीच, आणि अर्ज करायचा की नाही हे ठरवणारे ते. पाच वर्षं हा धंदा तुम्ही चालवताय. यात तुमचं मत सल्ला म्हणून घेतलं जातंय, आणि हे मला १,७०५ डॉलरपेक्षा जास्त खटकतं. चेक तुमच्या नावानं निघत असेल, तर अर्ज तुमचाच आणि तुमच्याच नावानं. दोघांच्या नावानं असेल, तर ज्याचा जेवढा वाटा तेवढा त्याच्या नावावर. मिस्टरांना त्यांचा वाटा सोडायचा असेल तर खुशाल सोडू दे, तो त्यांचा अधिकार. तुमचा वाटा सोडायचा अधिकार त्यांना नाही. अबोला मोडायला हे वाक्य फारसं गोड नाही, पण रात्री जेवण झाल्यावर, आकड्यांचा कागद समोर ठेवून म्हणण्याजोगं आहे.

आणखी एक शंका बोलून दाखवते, चुकत असेन तर सोडून द्या. अर्जात जनावरांच्या रकान्यात सरळ बीफ कॅटल असं लिहिलेलं आहे. रँच चालवणं वेगळं आणि त्या शब्दाखाली आपलं नाव सरकारी कागदावर लिहून देणं वेगळं. निफाडच्या माणसाला ते जड जाऊ शकतं. भीक, हात पसरणं, हे सगळं बोलायला सोपं आहे. हे सोपं नाही. तसं असेल तर त्याला माझ्याकडे उत्तर नाही, फक्त एवढंच म्हणेन की तो प्रश्न २०१६ सालचा आहे, या अर्जाचा नाही. पहिलं वासरू सेल बार्नला गेलं त्या दिवशी तो सुटला तरी होता किंवा झाकला तरी गेला होता. सासूबाईंना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यासाठी ११ डिसेंबरची मुदत नाही. पूजा केलीत, बरं केलंत.

आता कामाचं. करोनामुळे बरीच कौंटी ऑफिसं फोनवरूनच काम करतात, थेट जाऊ नका. सोमवारी सकाळी फोन करून वेळ घ्या. गुरुवारी थँक्सगिव्हिंग, ऑफिस बंद, आणि शेवटच्या आठवड्यात फोन लागणार नाही. मुख्य अर्ज एडी-३११७. पण तुम्ही आधी कधी एजन्सीकडे नाव नोंदवलेलं दिसत नाही, म्हणून बरोबर थोडे कागद लागतील: तुमची माहिती, बँक खातं, उत्पन्नमर्यादेचा दाखला, आणि पाणथळ व धूप होणाऱ्या जमिनीबद्दलचं हमीपत्र. हे त्या ऑफिसातली बाई फोनवर भरून घेते, घाबरू नका. जमीन नोंदवायला खरेदीखत आणि भाडेकरार जवळ असू दे.

जनावरांचे कागद मात्र आजच काढा. वासरू कधी झालं, कानातला बिल्ला कितीचा, हे ज्या छोट्या वहीत लिहिता ती वही. फेब्रुवारी, मार्च आणि जूनच्या लिलावाच्या पट्ट्या. लस टोचली त्या दिवसाचं पशुवैद्याचं बिल, त्यावर संख्या असतेच. शेजाऱ्याशी चराईचा काही लेखी करार असेल तर तोही, म्हणजे त्याची २० वेगळी होती हे दिसेल. नसेल तर या निमित्तानं करून घ्या. मग मे महिन्यातली अशी तारीख निवडा जिच्या आसपासचा एखादा तरी कागद तुमच्याकडे आहे. सगळ्याच्या दोन झेरॉक्स काढा, एक घरात आणि एक बँकेच्या लॉकरात, २०२३ च्या डिसेंबरपर्यंत.